वसईच्या घरातले फर्निचर: शंभर वर्षांचे, पन्नास वर्षांचे आणि नवे

घरातले फर्निचर वयानुसार तीन गटांत मोडते. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे झालेल्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून तरुण, पण आपल्या काळाची ओळख सांगणारी, साधारण तीस-चाळीस ते ऐंशी-नव्वद वर्षांची वस्तू व्हिंटेज मानली जाते, आणि त्याहून अलीकडची ती नवी. यांतल्या दुसऱ्या गटाला कायद्याची व्याख्या नाही. दुकानदार तो शब्द सैलपणे वापरतात. पहिल्या गटाला मात्र कायदा आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वसईतल्या ज्या कुटुंबांची मुले कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा आखातात स्थायिक झाली आहेत, त्यांनी आजोबांचा कोरीव पलंग कंटेनरमधून पाठवण्याचा विचार करण्याआधी हे लक्षात घ्यावे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळवता येतो.

वय ही खरेदीची पहिली कसोटी नव्हे. वसईसारख्या ठिकाणी पहिली कसोटी हवा आहे, दुसरी घराचे दार आणि तिसरी दुरुस्ती. या तिन्हींत उतरलेली वस्तू कोणत्याही वयाची असली तरी घरात शोभते. न उतरलेली वस्तू कितीही सुंदर असो, दोन पावसाळ्यांत तिचे ओझे होते.

वसईच्या घरांत खुर्ची-मेज येण्याआधी मराठी घराचे सामान जमिनीलगत होते. पाट, चौरंग, बैठकीची गादी आणि लोड, धान्याची कणगी, कपड्यांचा पेटारा, देव्हारा. साठवणीची बरीचशी जागा भिंतीतच असे: कोनाडा, फडताळ आणि खुंट्या. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत, दोनशे वर्षांहून अधिक काळ, किल्ल्यात आणि आसपासच्या गावांत युरोपीय राहणी होती. उंच खुर्ची, चौखांबी पलंग आणि बहुखणी कपाट ही त्या राहणीची साधने होती. भारतातल्या कारागिरांनी ती सागात आणि शिसवात घडवली. गोव्याहून लिस्बनला आणि पुढे युरोपातल्या संग्रहालयांत गेलेली हस्तिदंती जडावाची छोटी कपाटे याच परंपरेतली आहेत. या घडणीची मोठी घरे आजही पाहायची असतील, तर गोव्यात चांदोरचे ब्रागांझा घर आहे.

वसईला या कामासाठी लागणारे लाकूड दुरून आणावे लागत नव्हते. पूर्वेच्या डोंगरांतला साग नदीने खाली येई आणि आगाशीत त्याची जहाजे बांधली जात. जहाजासाठी निवडलेल्या लाकडाची पारख असलेल्या प्रदेशात घरचा पलंगही त्याच कसोटीने निवडला गेला असेल, तर नवल नाही. पुढे इंग्रजी अमलात, १८६७ पासून विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. नोकरीनिमित्त शहरात जाणाऱ्या माणसांबरोबर शहराची आवडही गावी येऊ लागली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी शिसवात भरगच्च कोरीव खुर्च्या, सोफे आणि टेबले घडवली. त्या कामाला जगभर बॉम्बे ब्लॅकवुड या नावाने ओळखतात. सागाच्या लांब हातांच्या आरामखुर्च्या, वेताच्या बैठकीची बाके, आरशाची उभी कपाटे, माजघरातला झोपाळा असे सामान कोकणपट्टीच्या कौलारू घरांत ठरलेले असे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांतही ते दिसते, ओटीवर, माडीवर किंवा आता बहुधा मागच्या पडवीत.

हवेचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. लाकूड मेले तरी ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात ते फुगते, हिवाळ्यात आकसते. ही हालचाल लांबीत जवळजवळ होत नाही, रुंदीत होते. म्हणून जुन्या सुतारांनी कपाटाच्या दाराची फळी चौकटीत कधी पक्की ठोकली नाही. चौकटीच्या खाचेत ती सैल सोडली, म्हणजे फळीने हवे तेवढे फुगावे आणि चौकट जागची हलू नये. शंभर पावसाळे पाहिलेल्या दाराला भेग नसण्याचे कारण लाकडाच्या जातीइतकेच या खाचेत आहे. नवे सामान पारखतानाही हेच पाहावे: अख्ख्या लाकडाची रुंद फळी चारही बाजूंनी स्क्रूने आवळलेली असेल, तर ती फुटण्याची शक्यता मोठी.

लाकडांत साग वेगळा आहे. तो हवामानाने फार कमी हलतो आणि त्याच्या गाभ्यातल्या नैसर्गिक तेलांमुळे वाळवीला नकोसा असतो. हा गुण फक्त गाभ्याचा आहे. सालीलगतच्या फिकट लाकडाला तो नसतो आणि कीड तिथूनच शिरते. आज बाजारात मिळणारा लागवडीचा साग कमी वयात तोडलेला असल्याने त्यात हा फिकट भाग जास्त निघतो. शंभर वर्षांपूर्वीचा साग नैसर्गिक जंगलातल्या मोठ्या झाडांचा असे. बराचसा ब्रह्मदेशातूनही येई. त्या व्यापारातली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये स्थापन झाली. तसे लाकूड आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. जुने फर्निचर जपण्याचे सर्वांत बळकट कारण हेच आहे. कोरीवकाम त्यानंतर येते. शिसव सागाहून जड आणि कठीण असतो. शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत. फणसाचे पिवळे लाकूड घरगुती कामासाठी चांगले. आंबा स्वस्त आणि दिसायला छान, पण प्रक्रिया न करता वापरला तर किडीला लवकर बळी पडतो.

वसईत ओलाव्याच्या जोडीला खार आहे. अर्नाळा, रानगाव, भुईगाव, कळंब या किनाऱ्यालगतच्या गावांत लोखंडी बिजागऱ्या आणि खिळे गंजतात, गंज लाकडात उतरतो आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून ठिसूळ होते. अशा घरात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या घ्याव्यात. सखल भागात पुराचाही विचार करावा लागतो. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचून राहिले आणि अनेक तळमजल्यांच्या घरांत शिरले. अशा पाण्यात भुशाचे पार्टिकल बोर्ड काही तासांत फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. भरीव सागाची खुर्ची मात्र धुऊन सावलीत वाळवली की पुन्हा वापरात येते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जमिनीला टेकलेले खोके घेऊ नये, पाय असलेले सामान घ्यावे. जुन्या कपाटांना वीतभर उंचीचे पाय असत, ते बहुधा याच अनुभवातून. मुंग्यांपासून बचावासाठी त्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीतही होती.

अँटिक वस्तू विकत घ्यायची, तर ती खरी आहे का हे ओळखता आले पाहिजे. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरीतला ओशिवरा बाजार या दोन जागा प्रसिद्ध आहेत. विशेषतः ओशिवऱ्यात पाडलेल्या इमारतींचे जुने लाकूड वापरून जुन्या धर्तीचे नवे सामान बनवणारे कारखाने आहेत. हे काम वाईट नाही. जुन्या लाकडाची नवी खुर्ची ही उत्तम वस्तू असू शकते, फक्त तिची किंमत अँटिकची असता कामा नये.

ओळखायचे कसे, तर वस्तू उलटी करावी. समोरची बाजू पॉलिशने सजते, खालची आणि मागची बाजू खरे बोलते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे पाहावेत. हाताने कापलेल्या सांध्यांचे दात थोडे कमी-जास्त असतात, यंत्राचे तंतोतंत सारखे. करवतीच्या खुणा सरळ असतील तर लाकूड हाताने कापलेले असू शकते. गोल कमानीसारख्या असतील तर ते यंत्राच्या चक्राने कापलेले आहे. पाठीला प्लायवूड असेल, तर वस्तू किंवा निदान तिची पाठ विसाव्या शतकातली. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला. तो मूळचाच दिसत असेल, तर शंभर वर्षांचा दावा खोटा. गोल टेबलाचा व्यास दोन दिशांनी मोजावा. जुने लाकूड रुंदीत आकसलेले असल्याने खरे जुने टेबल किंचित लंबगोल भरते. झीजही पाहावी. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकून ती मधोमध झिजलेली असते, हातांची टोके गुळगुळीत होतात. सगळीकडे सारखीच झीज दिसली, तर ती मुद्दाम घासून आणलेली असते.

किडीची तपासणी याच वेळी करावी. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली म्हणजे वस्तू गेली असे नाही. छिद्राच्या कडा काळपट आणि आत धूळ असेल, तर कीड जुनी, बहुधा संपलेली. कडा फिकट आणि खाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर कीड जिवंत आहे. शंका असेल तर वस्तूखाली काळा कागद पसरून दोन आठवडे पाहावे. उघड्या लाकडावर बोरिक ॲसिड आणि टाकणखाराचे द्रावण उपयोगी पडते. पॉलिशच्या थरातून ते आत जात नाही. अशा वेळी छिद्रांतून औषध टोचावे लागते आणि ते काम पेस्ट कंट्रोलच्या माणसाकडूनच करून घ्यावे. जिवंत किडीची वस्तू उपचाराआधी घरात आणू नये, मग ती कितीही स्वस्त मिळो.

जुन्या सामानावरचे पॉलिश बहुधा लाखेचे असते, स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेले. ते गरम कपाने पांढरे पडते, पण पुन्हा चढवायला सोपे असते. दुकानात ते खरवडून वर चकचकीत पीयू पॉलिश मारण्याचा आग्रह होतो, तो मान्य करू नये. खरवडताना लाकडाचा शंभर वर्षांत मुरलेला रंग निघून जातो आणि तो परत येत नाही. आधी ओलसर फडक्याने मळ काढावा, सांधे घट्ट करावेत, लाखेचा एखादा हात द्यावा. बहुतेक वस्तूंना एवढे पुरते. सैल पडलेली वेताची बैठकही लगेच बदलायची गरज नसते. खालच्या बाजूने कोमट पाण्याने भिजवून वाळू दिली, तर वेत आकसून ती पुन्हा ताणली जाते. वेत तुटलेलाच असेल, तर विणकर शोधावा. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हे काम शिकवले आहे आणि ते करणारे कसबी हात मुंबईत आहेत.

व्हिंटेज सामान वसईच्या मध्यमवर्गीय घराला अँटिकपेक्षा अधिक मानवते. ते लहान आहे, हलके आहे आणि बऱ्याचदा घरातच पडून असते. १९३० आणि ४० च्या दशकांत मुंबईत आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याच काळात गोलाकार कडांची, नक्षी नसलेली सागाची टेबले आणि शोकेस आली. इराणी हॉटेलांतली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची त्याहून जुन्या वंशाची. व्हिएन्नाच्या थोनेत कंपनीने १८५९ मध्ये काढलेल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीपासून ती घडण जगभर पसरली. मूळ खुर्चीचे सहा भाग दहा स्क्रूंनी जोडलेले होते. आज ज्याला सुटे भाग जोडून करायचे फर्निचर म्हणतात, त्याची सुरुवात तिथे आहे. एखादे इराणी हॉटेल बंद होताना विकलेल्या अशा खुर्च्या मिळाल्या, तर जेवणाच्या टेबलाभोवती त्या सुंदर दिसतात. आणि गोदरेजचे कपाट? १९२३ पासून बनू लागलेले हे लोखंडी कपाट कित्येक घरांत लग्नात आले आणि अजून चालते आहे. त्याला गंज खालून धरतो. तळाचा पत्रा शाबूत असेल, तर गंज घासून, प्रायमर लावून नवा रंग द्यावा. नवे लोखंडी कपाट घेताना पत्र्याचे गेज विचारावे; गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड.

व्हिंटेजची किंमत वयावर ठरत नाही. चंदिगढच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली बनलेल्या साग-वेताच्या खुर्च्या पुढे भंगारात निघाल्या आणि आता परदेशी लिलावांत लाखो रुपयांना जातात. त्यांच्या नकला आज सर्वत्र विकल्या जातात. घरासाठी नक्कल घ्यायला हरकत नाही, पण ती बसून पाहावी, फोटो पाहून मागवू नये.

रंगवलेल्या जुन्या वस्तूबाबत एक धोका आहे. भारतात घरगुती रंगातल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. जुना पाळणा, मुलांची खुर्ची किंवा रंगीत कपाट घरात कोरडे घासू नये. त्याची धूळ लहान मुलांना अपायकारक असते.

नव्या सामानात दोन वाटा आहेत: सुताराकडून करून घेणे किंवा तयार घेणे. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यांत फर्निचर बनवणारे गाळे आहेत आणि घरी येऊन काम करणारे राजस्थानी सुतारही शहरात भरपूर. दोन्हीकडे प्लायवूडची प्रत लेखी ठरवून घ्यावी. कमर्शिअल म्हणून विकले जाणारे एमआर प्रतीचे प्लाय कोरड्या खोलीपुरते ठीक असते. स्वयंपाकघर, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत इथे बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय वापरावे. शिक्का फळीवर छापलेला असतो. तो कापण्याआधी पाहावा, कारण नंतर सनमायकाखाली काही दिसत नाही. कापलेल्या कडा बंद करून घ्याव्यात, पाणी तिथूनच शिरते. भिंतभर कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. चार बोटे हवेची जागा नसेल, तर ऑगस्टपर्यंत मागे बुरशी धरते आणि कपड्यांना वास येतो.

तयार सामानाचा फायदा किंमत आणि वेग. नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० मध्ये आयकिया उघडले, त्याआधीपासून ऑनलाइन विक्री आहेच. भाड्याच्या घरात, जिथे दर अकरा महिन्यांनी सामान हलू शकते, तिथे हलके सामान समजू शकते. पण पार्टिकल बोर्डाचे कपाट एकदा सोडून पुन्हा जोडले की त्याच्या स्क्रूची भोके सैल पडतात. दुसरी बदली ते क्वचितच सोसते.

मापाचा प्रश्न खरेदीपूर्वी सोडवावा. इमारतीचे दार, जिन्याचे वळण आणि लिफ्टची आतली तिरकी लांबी मोजावी. वाड्यातले सामान पुढच्या रुंद दारातून आत गेलेले असते, नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते चढतही नाही. जुने चौखांबी पलंग बहुधा खिट्ट्यांनी जोडलेले असतात आणि सुटे होतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र त्यांची मापे आजच्या गादीशी जुळत नाहीत. आजची डबलबेडची गादी ७८ इंच लांब आणि ६० किंवा ७२ इंच रुंद असते, जुन्या पलंगासाठी गादी मापाने शिवून घ्यावी लागते. दहा बाय दहाच्या खोलीत मच्छरदाणीचे खांब डोळ्यांना जड वाटतात. तिथे खांब काढून ठेवून खालचा पलंग वापरणे शहाणपणाचे. कपड्यांच्या कपाटाला २२ ते २४ इंच खोली लागते आणि त्यासमोर उभे राहायला आणखी अडीच फूट. झोपाळ्याचा हूक तुळईत किंवा स्लॅबच्या सळईला धरून असावा; नकली छतात तो कधीही लावू नये. गुजरातमधल्या संखेड्याचा रंगीत झोपाळा स्वतःच्या चौकटीवर उभा राहतो, म्हणून भाड्याच्या घरालाही चालतो.

वाडीतल्या कौलारू घराला जुने सामान जसेच्या तसे शोभते. तिथे नव्याची गरज गाद्या, दिवे आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यापुरतीच असते. दोन-तीन मजली जुन्या सोसायटीत एखादी अँटिक वस्तू आणि बाकी व्हिंटेज हा मेळ बसतो. नव्या टॉवरमधल्या वन बीएचकेत एकच जुनी वस्तू ठेवावी आणि ती वापरातली असावी. पेटारा सोफ्यासमोरचे टेबल होतो, जाळीचे कपाट पुस्तकांना चालते, लांब बाक दोन खुर्च्यांची जागा घेते. शोभेसाठी म्हणून आणलेली अवाढव्य कोरीव खुर्ची लहान खोलीत कपडे टाकण्याची जागा बनते. एसीच्या खोलीत जुनी वस्तू थेट झोताखाली ठेवू नये. पिढ्यान्पिढ्या दमट हवेत राहिलेले लाकूड कोरड्या हवेत एकदम आकसते, जडावाचे तुकडे सुटतात आणि सांधे उघडतात.

वसईत आज रोज कुठेतरी जुने घर पाडले जाते. पाडकामाचा ठेका देताना निघणारा माल ठेकेदाराचा, अशी अट बहुधा असते. वासे, तुळया, दारे आणि जिन्याच्या पायऱ्या त्याच अटीत वखारीत जातात आणि तिथून घनफुटाच्या भावाने विकल्या जातात. करार करण्यापूर्वी घरच्यांनी सुतार आणून कोणते लाकूड साग आहे, ते वेगळे लिहून घ्यावे. एका दाराच्या दोन फळ्यांतून सहा माणसांचे जेवणाचे टेबल निघू शकते, तुळईतून पलंगाच्या चौकटी. लाकडात जुने खिळे असतात. करवतीखाली जाण्याआधी ते लोहचुंबकाने शोधून काढावे लागतात आणि त्या कामाची मजुरी सुताराने वेगळी मागितली, तर ती द्यावी.